तुझा आलेख, त्याचं व्याख्यान

कुशा, तुझ्या शोकसभेत मी रडले नाही. सगळ्यांच्या ते लक्षात आलं. पोरी हुंदके देत होत्या, स्टाफमधल्या बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि मी पहिल्या रांगेत कोरड्या डोळ्यांनी बसून होते. कारण प्राचार्य त्या वेळी त्याचा, तुझ्या मार्गदर्शकाचा, शोकसंदेश वाचून दाखवत होते. ‘कुशावर्ता ही माझी अत्यंत लाडकी विद्यार्थिनी होती. तिच्या जाण्याने आमच्या विभागाची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे.’ ‘कधीही’ या शब्दावर प्राचार्यांनी आवाज जड केला. मी ओठ दाबून धरले. मला हसू फुटेल अशी भीती वाटत होती, आणि ते हसू चांगलं नव्हतं.

त्याचं नाव मी या लेखात लिहिणार नाही. भीतीमुळे नव्हे. तुझ्या कामावर त्याचं नाव फार वेळा छापून आलेलं आहे, निदान या पानांवर तरी ते येऊ नये. ‘सर’ म्हणते. आपण दोघी त्याला सरच म्हणायचो आणि जिभेची सवय सुटत नाही.

तू गेलीस तेव्हा रानात तूर उभी होती. आता हरभराही निघाला. एवढ्या दिवसांत जे झालं ते तुला सांगायचं आहे, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलं होतं आणि त्यातला शेवटचा शब्द तुझा होता. मला ते चालणार नाही.

विद्यापीठाच्या दूरसंचार विभागात आपण शिकायला गेलो त्या वर्षी हिंगोली जिल्ह्याच्या आपण दोघीच. मी आखाडा बाळापूरची, बापाचं दुकान रस्त्यावर, त्यामुळे चार गावची भाषा कानावरून गेलेली. तू गोरेगावच्याही पलीकडची, मेंढरांच्या घरातली. तू ‘आमी’ म्हणालीस, ‘काहून’ म्हणालीस, की वर्गातल्या शहरी पोरी एकमेकींकडे बघायच्या. मला लाज वाटायची. तुला कधीच वाटली नाही. “हसू दे की,” तू म्हणायचीस. “त्यायला मेंढरू बसलंय का उभं हे बी कळत न्हाई.”

विभागात शनिवारी अतिथी व्याख्यान असायचं. कुणीतरी बाहेरून मोठा माणूस यायचा, तासभर बोलायचा, चहा-बिस्किटं व्हायची, आभार मानले जायचे. प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. एकदा एक पिकल्या केसांचे गृहस्थ आले. आयुष्यभर मोबाईलचे मनोरे कुठे उभे करायचे हे ठरवण्यात गेलेला माणूस. त्यांनी फळ्यावर शहर काढलं, इमारती काढल्या, लहरी कुठे आपटतात, कुठून वळतात ते समजावलं आणि शेवटी सवयीनं विचारलं, “काही शंका?”

तू उठलीस. आधी इंग्रजीतून दोन वाक्यं धडपडलीस आणि मग सरळ मराठीत उतरलीस. “सर, इमारती जागच्या जागी राहतात. आमच्याकडं मधी तूर असते. ती जूनमधी नसतेच, दिवाळीला डोक्याएवढी होते, पाऊस पडला की वल्ली होते, अन् मग एक दिवस कापूनच नेतेत. मग तिथं सिग्नलचं काय होतं?”

पाठीमागून कुणीतरी खुदकन हसलं. त्या गृहस्थांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, “याचं उत्तर मला माहीत नाही. तुम्हीच शोधा.”

पहिल्या रांगेत बसलेल्या विभागप्रमुखानं तेव्हा मान वळवून तुझ्याकडे पाहिलं. वर्षभर तू त्याच्या वर्गात बसत होतीस, पण पाहिलं त्या दिवशी. संध्याकाळी तुला केबिनमध्ये बोलावून म्हणाला, माझ्याकडे पीएच.डी. कर. तू धावत कॅन्टीनला आलीस. आपण गुलाबजाम खाल्ले आणि तू दोनदा म्हणालीस, “सरनं मला नाव घेऊन हाक मारली.” त्या गुलाबजामाची चव मला अजून येते, आणि आता पंगतीत मी तो पानात वाढू देत नाही.

मीही तिथेच संशोधनाला राहिले. माझे मार्गदर्शक वेगळे, निवृत्तीला टेकलेले भले गृहस्थ. पण कुणाचाही प्रबंध असो, विभागप्रमुखाच्या सहीशिवाय तो पुढे सरकत नसे. त्यात काही विशेष आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

तुझं काम मी जवळून पाहिलं, कारण मोजायला दुसरं माणूस लागायचं आणि ते माणूस मी होते. जीपनं गोरेगाव, तिथून मिळेल त्यानं तुझं गाव. बांबूच्या काठ्यांवर गुडघ्याएवढ्या उंचीला तू दोन डब्या बांधायचीस. एक संदेश सोडायची, दुसरी पकडायची. मध्ये तूर, कधी सोयाबीन, कधी नुसती काळी माती. लॅपटॉपवर एक रेघ चालायची, संदेश किती जोरात पोचतोय ते दाखवणारी. जमिनीतला ओलावा मोजणारी यंत्रं रानात ठेवली तर त्यांचे आकडे घरापर्यंत पोचतील का, आणि कुठल्या महिन्यात पोचणार नाहीत, एवढं तुला शोधायचं होतं. तुझे वडील, आबा, काठीला टेकून बघत राहायचे.

“बाई, काय बोलून राहिलेत गं हे डबे?”

“एक म्हणतंय मी हाय. दुसरं म्हणतंय ऐकू आलं.”

“बस? एवढंच?”

“एवढंच आबा. पर मधी तूर आली का दुसऱ्याला ऐकूच येत न्हाई.”

आबा म्हणाले, “म्हंजे तुझ्या मायवानी.” आणि तुझी माय, जी पलीकडे कोकरांना पाला टाकत होती आणि जिला सगळं ऐकू गेलं होतं, तिनं मुद्दामच मान वर केली नाही.

एका दुपारी ती रेघ एकदम खाली गेली. हळूहळू नव्हे, धपकन. मी डबी हलवली, वायर तपासली, यंत्र बिघडलं म्हणून ओरडायला लागले. तू लॅपटॉपकडे पाहिलंस, मग रानात पाहिलंस आणि बांधावर बसून हसायला लागलीस. आबांचा सगळा कळप दोन काठ्यांच्या मधून चालला होता. अंगभर लोकर, पोटात पाणी, खांद्याला खांदा लावून. कळप पार झाला तशी रेघ पुन्हा होती तिथे आली. मी म्हटलं, हे मोजमाप टाकून दे. तू हसणं थांबवलंस. “काहून? मेंढरं काय खोटी व्हती का? रान म्हंजे प्रयोगशाळा न्हाई रेखा. जे मधून जातंय ते बी मोजायचं.”

तो खड्डा तू आलेखात ठेवलास. विभागात परिसंवाद दिलास तेव्हा सगळ्यांना समजावूनही सांगितलंस, आणि हॉल मनापासून हसला. या वेळी तुझ्यावर नव्हे, तुझ्याबरोबर. सर मात्र नव्हते. ते कुठल्याशा महाविद्यालयात अतिथी व्याख्यान द्यायला गेले होते.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी पुन्हा सांगणार. एका कार्यशाळेला मी गेले होते आणि तिथे सर पाहुणे होते. पडद्यावर तुझा आलेख आला. तीच रेघ, तोच खड्डा. वर त्याचं नाव. “आम्ही शेतात दिवसदिवस उभं राहून हे मोजलं,” तो म्हणाला. ज्याच्या बुटाला आमची काळी माती कधी चिकटली नाही असा माणूस! आणि मग लेसरचा लाल ठिपका त्या खड्ड्यावर फिरवत म्हणाला, “ही घसरण पिकातल्या ओलाव्याची. हे आमचं वैशिष्ट्यपूर्ण निरीक्षण.”

मी बाहेर येऊन तुला फोन लावला. तू विचारलंस, “आलेख बराबर दिसत व्हता का?”

“कुशा, त्यानं चोरलाय तो!”

“ऐकलं मी. जाऊ दे ना.”

तो तुझा पहिला ‘जाऊ दे’. मग तो शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव त्याचं, दुसरं विभागात नुकत्याच चिकटवलेल्या त्याच्या पुतण्याचं. तुझं नाव शेवटी, आभाराच्या बारीक अक्षरांत, तेही चुकीच्या स्पेलिंगनं. तू म्हणालीस, जाऊ दे. तुझा प्रबंध तो वर्षामागून वर्षं परत पाठवत राहिला. अजून एक प्रकरण लिही, निष्कर्ष कच्चे आहेत, भाषा सुधार. त्याच कच्च्या निष्कर्षांवर तो गावोगाव शाली गोळा करत होता. तू म्हणालीस, जाऊ दे. मधल्या काळात माझा प्रबंध मात्र सरळ पुढे गेला, मी डॉक्टर झाले, आणि पेढे घेऊन सगळ्यांत आधी आलीस तू.

मग आपण दोघी हिंगोलीत एकाच महाविद्यालयात शिकवायला लागलो. दुपारी स्टाफरूममध्ये डबा उघडला की माझं सुरू व्हायचं. कुलगुरूंना लिही. तक्रार कर. मी साक्ष देते. आणि तू भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचीस, “काहून डोकं तापवून राहिलीस? मोजलं मी. मला ठाऊक हाय ना? बस झालं.” मी तुला भित्री म्हणाले आहे. मेंढरू म्हणाले आहे. तू रागावलीही नाहीस. माझ्या बाळंतपणात माझे सगळे तास तू घेतलेस, माझ्या लेकीचं पहिलं टोपडं तू विणलंस, तिला तापात मांडीवर घेऊन बसलीस. एवढी ताकद असलेली बाई त्या एका माणसापुढे का वाकते, हे मला कधीच समजलं नाही, आणि खरं सांगते, त्यासाठी मी तुला मनातून थोडं कमी लेखायला लागले होते.

मग कावीळ झाली, उलटली, आणि नांदेडच्या दवाखान्यात तुझे डोळे हळदीसारखे झाले. त्या दुपारी मी तुझ्या उशाशी बसले होते. तू माझं मनगट धरलंस. पकड अशी नव्हतीच.

“माझ्या माघारी त्याच्याशी भांडू नको. वचन दे.”

“तू बरी हो आधी.”

“वचन दे, रेखा.”

तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली आणि मला बाहेर जायला सांगितलं. दारात वळून पाहिलं तर तू अजून माझ्याकडेच बघत होतीस. मी मान हलवली नाही. दुसऱ्या दिवशी तू शुद्धीवर नव्हतीस. म्हणून ऐक, कुशा, मी वचन मोडलेलं नाही. ते दिलंच नव्हतं.

शोकसभा संपल्यावर प्राचार्यांनी कल्पना मांडली की तुझ्या नावानं दर वर्षी एक स्मृतिव्याख्यान ठेवावं. पहिला वक्ता कोण? मी हात वर केला. “विद्यापीठातल्या सरांनाच बोलवू या. ते तिचे मार्गदर्शक.” प्राचार्य गहिवरले. म्हणाले, “मॅडम, फार मोठं मन आहे तुमचं.”

कुणाच्या स्वागताची तयारी मी आयुष्यात इतक्या प्रेमानं केली नव्हती. निमंत्रणाचं पत्र मीच लिहिलं. ‘आपण ग्रामीण भागातील बिनतारी संदेशवहनावर केलेल्या मौलिक संशोधनाविषयी, विशेषतः शेतातील मोजमापांविषयी, आमच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करावे.’ मौलिक हा शब्द मी मुद्दाम घातला. प्रोजेक्टर मी तपासला. रांगोळी काढून घेतली. मोठा पांढरा पडदा मुद्दाम मागवला, म्हणजे शेवटच्या बाकावरूनही रेघ नीट दिसावी. आणि तुझ्या आईवडिलांना पहिल्या रांगेत बसवलं.

तो आला. तुझ्या फोटोला हार घातला, क्षणभर डोळे मिटले. मग आबांसमोर वाकून म्हणाला, “तुमच्या मुलीनं माझ्या प्रयोगांत फार मदत केली हो. गुणी होती.” आबांनी हात जोडले. तुझी माय त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

व्याख्यान रंगलं. तो चांगलं बोलतो, ते नाकारत नाही. मग तो आलेख आला. तुझा आलेख, कुशा, एवढा मोठा. आणि लाल ठिपका त्या खड्ड्यावर जाऊन थांबला. “ही घसरण पाहा. पिकातला ओलावा! प्रत्यक्ष शेतात पाय रोवून उभं राहिल्याशिवाय असं निरीक्षण हाती लागत नाही, मुलांनो.”

शेवटी त्यानं विचारलं, “काही शंका?”

मी उठले.

“सर, ही घसरण काही मिनिटांतच भरून आली आहे. खालचा वेळ पाहा. पिकातला ओलावा मिनिटांत येतो आणि मिनिटांत जातो का?”

तो हसला. “चांगला प्रश्न. वाऱ्यामुळे पानं हलतात, त्यामुळे—”

“वाऱ्यानं एवढा खड्डा? आणि तो आधी नाही, नंतरही नाही?”

“मॅडम, प्रत्यक्ष शेतात अशा गोष्टी होतात.”

“तुम्ही तिथे होतात?”

“अर्थातच.”

“मग आठवून सांगा ना सर. त्या वेळी दोन डब्यांच्या मधून काय गेलं?”

त्यानं पडद्याकडे पाहिलं. त्यानं पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला. “आता इतक्या वर्षांनी...” असं काहीतरी सुरू केलं.

“मी सांगते,” मी म्हटलं. “मी तिथे होते, दुसरी काठी धरून. मेंढरं गेली. पहिल्या रांगेत बसलेत ना, त्यांची. हा ओलावा नाही, सर, हा कळप आहे. जिनं हे मोजलं तिनं तुमच्याच विभागात उभं राहून सगळ्यांना हे सांगितलं होतं. तुम्ही त्या दिवशी कुठेतरी व्याख्यान देत होतात.”

आधी एक पोरगी हसली, मग रांग, मग सगळा हॉल. त्या हसण्यात त्याचा चेहरा कसा झाला ते मी डोळे भरून पाहिलं. लोक म्हणतात सूड घेऊन काही मिळत नाही. खोटं आहे. मला मिळालं. तू गेल्यापासून पहिल्यांदा त्या दिवशी मला पोटभर भूक लागली.

नंतर मात्र मला कारणे दाखवा नोटीस आली. पाहुण्यांचा अपमान. प्राचार्य आठवडाभर बोलले नाहीत. पण पोरांनी ते सगळं मोबाईलवर घेतलं होतं आणि ते फिरायला लागलं. पुढच्या एका ठिकाणी तो बोलायला उभा राहिला तेव्हा मागून कुणीतरी मेंढरासारखं ओरडलं म्हणे. मग दोन महाविद्यालयांनी त्याची व्याख्यानं रद्द केली. मी ऐकायची आणि मला बरं वाटायचं. लाज वाटत नव्हती, अजून वाटत नाही.

मग एक दिवस प्राचार्यांनी दार लावून घेतलं आणि निरोप दिला. सर तुझा प्रबंध पुढे पाठवायला तयार आहेत. मरणोत्तर पदवी मिळेल, पदवीदान समारंभात ते स्वतः तुझ्या आईवडिलांच्या हातात देतील. माझी नोटीसही मागे घेतली जाईल. मी फक्त लिहून द्यायचं की माझा गैरसमज झाला होता.

मी फार चिडले, आणि मग जास्तच अस्वस्थ झाले. कारण पदवी तुझी होती. माझ्या सूडापायी ती घालवायचा हक्क मला कुणी दिला? रविवारी जीपनं तुझ्या गावी गेले. आबा बाजेवर, माय खाली, मांडीवर आजारी कोकरू घेऊन. मी सगळं सांगितलं.

आबा म्हणाले, “पोरीचं नाव व्हईल. डॉक्टर म्हणतेन लोक. घेऊ, बाई. गेलेल्याच्या नावानं भांडण कशाला?”

तुझ्या मायनं मला विचारलं, “देणार कोण? त्योच?”

“व्हय.”

“अन् तू काय लिहून देणार? का त्यानं चोरलं न्हाई म्हून?”

“व्हय.”

तिनं कोकराच्या तोंडातून दुधाची बाटली काढली. “मग न्हाई.”

मी म्हटलं, “मावशी, कुशाला भांडण नको होतं. मला शेवटपर्यंत म्हणत होती, जाऊ दे.”

“तुला म्हणली असंल.” तुझी माय माझ्याकडे न बघता बोलत होती. “घरी आली का हितं बसून रडायची. जेवायची न्हाई. म्हणायची, माय, या माणसाचं एकदा तोंड उघडं पडलं पायजे. म्या म्हणलं, मग पाड की. काहून गप बसून राहिलीस? तर म्हणली, रेखाचं पुस्तक अजून त्याच्याच सहीसाठी पडलंय. म्या तोंड उघडलं का त्यो तिचं अडवतो. तसं बोललाय त्यो मला. रेखाचं होऊ दे, मग बघते.”

मी विचारलं, “पण माझं झाल्यावर?”

“झाल्यावर तुमी दोघी हिंगोलीला आल्या. नोकरी लागली. तवर तिचंच अंग खचलं व्हतं. म्हणायची, त्यो खुर्चीत हाय तवर रेखाला बी सोडणार न्हाई. अन् तुला सांगू नको म्हून शपत घातली व्हती मला. तिला कळलं तर ती डिग्री फाडून टाकंल, म्हणली.”

कुशा! मी तुला मेंढरू म्हणाले होते गं. तू भाकरी मोडत हसत होतीस. माझ्या नावाआधी जे ‘डॉ.’ लागलं आहे, ते तुझ्या तोंड मिटून बसण्यानं लागलं, आणि तू त्याचेच पेढे घेऊन आलीस. मला तुझा इतका राग आला की तिथल्या तिथे तुला हलवून विचारावंसं वाटलं, मला विचारलंस का? मी म्हटलं असतं, जाऊ दे माझी पदवी. हे वाक्य मी म्हणायचं होतं. माझ्या वाट्याचं ‘जाऊ दे’ही तूच म्हणून टाकलंस. मग मी रडले. शोकसभेत न आलेलं सगळं तुझ्या अंगणात आलं. आबा गोंधळून उठले, पाणी घेऊन आले. माय उठली नाही. कोकराला पुन्हा बाटली लावली आणि मला रडू दिलं.

मी लिहून दिलं नाही. विद्यापीठाकडे तक्रार केली. निबंध, तुझा परिसंवाद ऐकलेल्यांची नावं, सगळं. चौकशी समिती बसली. घरच्यांपैकी कुणीतरी यावं म्हणाले. आबांना वाटलं आपण जावं. माय म्हणाली, “मी जाते.”

समितीसमोर मला विचारलं गेलं की यात माझा वैयक्तिक आकस आहे का. मी म्हटलं, आहे. भरपूर आहे. मग मी माझ्या पदवीबद्दल सांगितलं, तुझ्या मायकडून कळलेलं जसंच्या तसं, आणि म्हटलं की तुला धमकावून गप्प बसवलं म्हणून मिळालेली ही पदवी विद्यापीठाला परत हवी असेल तर आत्ता घ्या. त्यांनी ती घेतली नाही. पण सर, जे तोवर खुर्चीत मागे टेकून बसले होते, पुढे सरकले.

तुझ्या मायला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? ती उभी राहिली. म्हणाली, “मोजलं माझ्या पोरीनं. आमच्या रानात. हा माणूस म्या पयल्यांदा बघितला त्यो तिच्या फोटोला हार घालताना.” आणि बसली.

निकाल परवा आला. त्याचं मार्गदर्शकपद काढून घेतलं आहे, निबंध मागे घ्यावा असं विद्यापीठानं नियतकालिकाला कळवलं आहे. तुझा प्रबंध विभागातल्या एका मॅडमनी स्वतःहून मागून घेतला, जसा होता तसा, खड्ड्यासकट. तो अजून विभागप्रमुख आहे. त्याचं मी बघते. माझं अजून संपलेलं नाही, आणि तू आता मला अडवू शकत नाहीस.

पण निकालापेक्षा मला तुला त्या दिवसाचं एक सांगायचं आहे. सुनावणी संपून आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. तुझ्या मायनं नवं लुगडं नेसलं होतं, ते चालताना पायात येत होतं, म्हणून मी तिचा दंड धरला होता. तो समोरून आला. एकटाच. टाळता आलं असतं तर टाळलं असतं, पण व्हरांडा अरुंद होता. तो थांबला, त्यानं दोन्ही हात जोडले आणि मान खाली घालून म्हणाला, “आई, नमस्कार.”

तुझी माय, जी दारात आलेल्या भटक्या कुत्र्यालाही भाकर टाकल्याशिवाय हाकलत नाही, जिनं आयुष्यात कुणाचा रामराम खाली पडू दिला नाही, तिनं आपले हात पदराखाली घेतले. आणि तशीच उभी राहिली.

त्याचे हात जोडलेलेच राहिले. कुठे सोडावेत ते त्याला कळेना. आम्ही पुढे निघालो.